छोट्या इंजिनाचा धूर

माळव्यातील पवारांच्या धार आणि देवास या दोन मराठी संस्थानांचा उल्लेख इतिहासात बहुधा जोडीनेच होतो. आगगाडीने मात्र या जोडीत पंक्तिप्रपंच केला. देवास इंदूर-उज्जैन लोहमार्गावर आले. धारकरांचा गाडी धरण्यासाठी महू किंवा इंदूर गाठण्याचा जुना शिरस्ता मात्र 2008 साली दाहोद-इंदूर मार्गाची कोनशिला बसल्यानंतरही वर्षानुवर्षे चालूच राहिला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन जो खंडवा-इंदूर मार्ग घडवून आणला, त्याच्या पाताळपाणीच्या घाटात धापा टाकीत चढणारे वाफेचे इंजिन ज्यांनी बालपणी पाहिले, अशा वृद्धांच्या घरी परदेशस्थ मुले-नातवंडे धूर सोडणारे छोटे इंजिन आणतात, तेव्हा त्या धुराचे मोल खेळण्यापुरते राहत नाही. आणि म्हणूनच तो बंद पडला की घरात जी हळहळ होते, ती मला क्षुद्र वाटत नाही.

छोट्या गाडीचे वेड संस्थानी मराठी घराण्यांना नवे नव्हे. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिंद्यांच्या भोजनाच्या मेजावर पेये व चिरूट घेऊन फिरणारी चांदीची विजेवरील गाडी सर्वश्रुत आहे. धुराची सोय मात्र पुढे आली. अमेरिकेतील लायोनेल कंपनीने 1946 साली प्रथम धुराची इंजिने विकली, तेव्हा विजेच्या दिव्यावरील खळग्यात गोळी ठेवून ती तापवीत असत. पुढच्याच वर्षी त्या दिव्याची जागा तापकाने घेतली.

आजच्या लहान इंजिनांतून निघतो तो वस्तुतः धूर नव्हेच. खऱ्या इंजिनात अर्धवट जळलेल्या कोळशाचे कण आणि सिलिंडरांतून सुटलेली वाफ धुराड्यावाटे एकत्र बाहेर पडतात. येथे पॅराफिनजन्य तेल तापून त्याची वाफ होते व बाहेरच्या थंड हवेत तिचे सूक्ष्म तुषार बनतात. धुराड्यात बसवलेल्या धातूच्या नळीच्या मध्यभागी एक अत्यंत बारीक केशनळी उभी असते आणि तिच्याभोवती रोधाची तार गुंडाळलेली असते. समईच्या वातीत तेल चढावे तसे खालचे तेल त्या केशनळीत चढते, तारेच्या उष्णतेने उकळते आणि वरच्या तोंडातून झोताने बाहेर पडते.

ही रचना ध्यानी घेतली म्हणजे बिघाडाच्या तपासाचा क्रमही आपोआप ठरतो. आणि इंजिन उघडण्यापूर्वी तेलाची मोजदाद करावी, असा माझा आग्रह आहे. कारण धूर येत नाही म्हणून हौशी माणूस आणखी तेल ओततो, आणि तेच धुराच्या मुळावर येते. तेलाची पातळी केशनळीच्या तोंडावर गेली, की वरचे थंड तेल सारखे आत उतरते, झोत उठूच शकत नाही, आणि तापक शाबूत असूनही धुराडे थंड मनाने बसून राहते. देवासच्या एका स्नेह्यांचे इंजिन असेच निकामी ठरवले गेले होते. टीपकागदाची सुईसारखी पिळलेली वळी धुराड्यात हलकेच सोडताच ती निम्म्यापर्यंत ओली होऊन वर आली. तशाच आणखी काही वळ्यांनी तेल उतरवले आणि वीज दिली, तेव्हा प्रथम दोन-चार थेंब उडाले, मग धुराची एक बारीक रेघ निघाली आणि हळूहळू ती भरत गेली. लहान इंजिनाला पाव मिलिलिटरच्या आसपास तेल पुरते.

उलट, तेल संपल्यावरही वीज चालू ठेवली तर उरलेले तेल करपून केशनळीत काजळी धरते. ती काढण्यास नळीत सैल जाईल इतकी बारीक तार घ्यावी आणि वीज बंद करून, जबरदस्ती न करता, वरखाली फिरवावी. जाड टाचणी खुपसणाऱ्यांनी शाबूत नळ्यांची वासलात लावलेली आहे. घरातील खोबरेल किंवा यंत्राचे तेल येथे चालत नाही, कारण त्याचा चिकट साका राहतो. आणि धुराचे खास तेल लहान मुलांच्या हाती कदापि लागू देऊ नये.

तेल व नळी निर्दोष ठरल्यावरच विजेकडे वळावे. जुन्या पद्धतीच्या नियंत्रकात रुळांवरील दाब गाडीच्या वेगाबरोबर कमीजास्त होतो, म्हणून मंद गतीत धूर न येणे हा दोषच नव्हे. डिजिटल इंजिनात डिकोडरचा धुराचा कळसंकेत चालू आहे की नाही हे आधी पाहावे. पुष्कळ धूरनळ्यांना एकच तार असते व विजेची परतीची वाट इंजिनाच्या धातूच्या अंगातून जाते. त्या जागी रंग, गंज वा तेलाचा थर साचला की मंडल तुटते आणि दोष मात्र तापकाच्या माथी मारला जातो. ती जागा घासून स्वच्छ करावी, सुटलेल्या तारेला डाख द्यावा. मग नळी मंडलातून सोडवून मल्टीमीटरने तिचा रोध मोजावा : 12 व्होल्टवर 100 मिलिअँपिअर घेणाऱ्या तापकाचा रोध 120 ओहमच्या जवळपास भरला पाहिजे. काटा मुळीच हलला नाही तर आतील तार तुटली असे खुशाल समजावे.

अशी नळी उघडून तार नव्याने गुंडाळण्याच्या खटपटीत पडू नये. तिची जाडी, लांबी आणि विशेषतः व्होल्ट यांचा जुन्या नळीशी मेळ घालून नवी आणवावी, कारण कमी दाबासाठी बनवलेली नळी जास्त दाबावर प्रथम भरघोस धूर देते आणि थोड्याच अवधीत जळून जाते.