ना जाळे, ना विष

पावसाची सुट्टी संपून शाळा भरली, की आमच्या वर्गात एक पाहुणा हमखास येतो. मसुराच्या दाण्याएवढे अंग आणि केसासारखे लांब आठ पाय. यंदा एका मुलाने त्याचा पाय तोडून बाकावर ठेवला होता. "टीचर, पाय तुटला तरी हलतोय!" सगळा वर्ग भोवती जमला. मी रागावले खरी, पण लहानपणी पोलादपूरकडच्या आजोळी हाच खेळ आम्हीही खेळलो होतो.

आमची दादी घरातल्या कोळ्याला हात लावू देत नसे. गारे-सौरच्या तोंडावर ज्याने जाळे विणले त्याची ही जात, असे ती सांगायची. या लांबटांग्याला मात्र तिचा झाडू बसायचा. हा जाळे कुठे विणतो? शिवाय विषारी म्हणून त्याचे नाव झालेले. आजही कितीतरी घरांत तो दिसला, की फवाऱ्याचा डबा बाहेर निघतो.

दादीचे अर्धे बरोबर होते. तो कोळी नाहीच. कोळ्याच्या अंगाचे दोन भाग असतात, मध्ये बारीक कंबर. याचे अंग एकसंध, आणि बहुतेकांच्या पाठीवर छोट्या उंचवट्यावर दोन डोळे. धागा काढणाऱ्या ग्रंथी नाहीत, म्हणून जाळे नाही. विषाच्या ग्रंथीही नाहीत. छेडले तर उग्र वासाचा द्रव सोडतो, एवढेच त्याचे शस्त्र. मेलेले किडे, बुरशी, सडके फळ, हाती लागेल ते खातो. इंग्रजीत त्याला हार्वेस्टमन म्हणतात. जगात त्याच्या साडेसहा हजारांहून अधिक जाती आहेत आणि स्कॉटलंडमध्ये सापडलेले त्याचे अवशेष सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

भिंतीवर थव्याने चिकटून झुलणारे आपल्याला चटकन दिसतात. पण यांचे एक मोठे कुटुंब उष्ण प्रदेशातल्या जंगलात, पालापाचोळ्यात आणि दगडाखाली राहते. त्याचे नाव असामिडी, म्हणजे आपल्या आसामवरून पडलेले. 1884 साली सोरेनसेन या डॅनिश अभ्यासकाने ते नोंदवले. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत त्याच्या चारशेवर जाती आहेत, आपल्या सह्याद्रीतही आहेत. या प्राण्यांच्या काही जातींत अंड्यांची राखण बाप करतो. हे सांगितल्यावर वर्गातल्या मुली जोरात हसल्या. का, ते त्यांच्या अब्बांना विचारा.

कोळ्याची पिल्ले धाग्यावर तरंगत दूर जातात. याला ती सोय नाही. जिथे जन्मला तिथल्याच डोंगरात तो राहणार, म्हणून कितीतरी जाती एखाद्या लहानशा टापूपुरत्याच आढळतात. ओल आणि सावली गेली, की अंगातले पाणी आटून तो मरतो. फाल्गुन-चैत्रात वरंध आणि आंबेनळी घाटाच्या उतारांवर वणवे लागतात, तेव्हा मला तो आठवतो. शेतात राब भाजण्याला माझी हरकत नाही. आमच्या घरीही भाजतात. पण राबाची आग आटोक्यात न ठेवता डोंगरावर चढू देणारे आपणच. वर नुसते गवत जळते असे आपण समजतो.

त्या तुटलेल्या पायाचे राहिलेच. शत्रूने पकडले, की हा स्वतःच पाय सोडून देतो. पाय तिथे वळवळत राहतो, शत्रू त्याच्याकडे पाहत बसतो, तेवढ्यात हा निसटतो. पण पालीची शेपटी पुन्हा येते, याचा पाय येत नाही. त्यातही दुसरी जोडी गेली तर पंचाईत, कारण आंधळ्याच्या काठीसारखा तो तिनेच वाट चाचपतो.

हे ऐकून तो मुलगा गप्प झाला. मधल्या सुट्टीत पाहिले, तर वहीच्या पुठ्ठ्यावर त्या सात पायांच्या जिवाला घेऊन तो फणसाकडे निघाला होता, आणि मागून येणाऱ्यांना "धक्का नको, धक्का नको" म्हणत होता.