डेंग्यूच्या नकाशातला तुमचा चौकोन पांढरा आहे, म्हणजे काय?

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की शहराचा एखादा नकाशा मोबाईलवर फिरू लागतो. काही चौकोन गडद लाल, काही फिके, काही पांढरे. आपला चौकोन पांढरा दिसला की हायसे वाटते. पण त्यावर किती विसंबायचे?

रुग्णाच्या पत्त्याचे अक्षांश-रेखांश मिळाले की नकाशावर एक ठिपका उमटतो. ठिपके तसेच दाखवले तर कोणाच्या घरी आजार आहे हे उघड होते, शिवाय एकाच इमारतीतले पाच ठिपके एकावर एक बसून एकच दिसतात. म्हणून क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रिएट ग्रिड’ वापरून शहरावर सारख्या मापाच्या चौकोनांची जाळी टाकतात आणि ‘काउंट पॉइंट्स इन पॉलिगॉन’ने प्रत्येक चौकोनातले ठिपके मोजतात. रंग त्या आकड्याचा असतो. (जीपीएसचे आकडे अंशांत असतात आणि एक अक्षांश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. त्यामुळे जाळीचे माप मीटरमध्ये द्यायचे तर ठिपके आधी मीटरवर चालणाऱ्या प्रणालीत न्यावे लागतात. पुणे-मुंबईसाठी यूटीएम झोन 43 उत्तर.)

डॉक्टर म्हणून मी आधी चौकोनाचे माप विचारतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास सहसा काही शे मीटरपलीकडे जात नाही. त्यामुळे 500 मीटरचा चौकोन पाणीसाठे तपासायला कामाचा असतो. 5 किलोमीटरच्या चौकोनात एका वस्तीतला उद्रेक अख्ख्या उपनगरात विरघळून जातो. माप फारच लहान ठेवले तर जिकडेतिकडे एक-दोन रुग्ण दिसतात, चित्र काहीच उभे राहत नाही. जाळी थोडी सरकवली तरी रंग बदलतात.

लाल चौकोनात कदाचित फक्त वस्ती दाट असेल. आकडा लोकसंख्येने भागला आहे का, ते पाहा. पांढऱ्या चौकोनात कदाचित कोणी तपासणीच केली नसेल. शिवाय ठिपका घराचा असतो, आणि एडिस चावतो दिवसा, म्हणजे शाळेत किंवा कार्यालयातही.

म्हणून ताप आला तर चौकोन कोणताही असो, डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. ताप उतरू लागतो तेव्हा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, जास्त लक्ष ठेवा. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा खूप गळून जाणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालयात जा.