ऑइल एंजिनाचा एक्झॉस्ट व त्याचें पॅकिंग

विजेच्या मोटारी आल्या तरी ज्या विहिरीपर्यंत तारा पोंचल्या नाहींत, किंवा ऐन पाळीच्या वेळीं वीज जाते, तेथें बागाईतदाराचा भरंवसा अजून डिझेल एंजिनावरच आहे. एंजिनाच्या तेलाची व पट्ट्याची काळजी बहुतेक सर्वजण घेतात. परंतु धूर बाहेर नेणारी नळी, सायलेन्सर व त्यांच्या सांध्यांतील पॅकिंग यांकडे तीं फुटेपर्यंत कोणी पाहत नाहीं.

सांधा फुटल्याची खूण सोपी आहे. फ्लँजच्या कडेला काजळीचा ओघळ दिसतो व आवाज फटफटूं लागतो. उघड्या मळ्यांत एवढ्यानें फार बिघडत नाहीं. विहिरींत मात्र तो जिवाशीं खेळ होतो. वर ठेवलेला पंप व्यवहारांत वीस-पंचवीस फुटांपलीकडचें पाणी ओढूं शकत नाहीं, म्हणून उन्हाळ्यांत पाणी खोल गेलें कीं कित्येकजण एंजिनच विहिरीच्या टप्प्यावर उतरवितात. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांत तो प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणूस सावध होण्यापूर्वींच त्याचे हातपाय गळतात. त्याला काढावयास उतरलेला दुसराही तेथेंच पडतो. धुराची नळी कांठापर्यंत नेली असली तरी एक फुटका सांधा ती व्यर्थ करतो. आमच्या मतें एंजिन विहिरींत उतरवूंच नये. पाणबुडा पंप खालीं सोडावा.

पॅकिंग बदलतांना एंजिन पूर्ण निवूं द्यावें. एक्झॉस्टचे नट उष्णतेनें गंजून धरलेले असतात. आदल्या संध्याकाळीं त्यांवर रॉकेल सोडून ठेवावें. घाईनें पाना ओढून स्टड मोडला, तर तासाभराचें काम दोन दिवसांवर जातें. जुन्या एंजिनांच्या पॅकिंगमध्यें पुष्कळदां ॲस्बेस्टॉस असतें. त्याची धूळ श्वासाबरोबर गेल्यास फुफ्फुसांचे असाध्य रोग, कर्करोगही, पुष्कळ वर्षांनीं उद्भवतात. म्हणून तें कोरडें खरवडूं नये, तारेच्या ब्रशानें घासूं नये, फुंकर तर मुळींच मारूं नये. पाण्यानें भिजवून काढावें व पिशवींत बांधून पुरावें.

दोन्ही तोंडें स्वच्छ झाल्यावर सरळ पट्टी धरून पाहावीं. वांकलेलें तोंड नवें पॅकिंगही जाळतें. पुठ्ठा कापून बसविण्याची युक्ति येथें चालत नाहीं, कारण पुऱ्या भारावर धूर चारशें अंश सेंटिग्रेडच्याही वर तापतो. नट समोरासमोरचे घेऊन तीन फेऱ्यांत सारखे आवळावे. सायलेन्सरचा भार फ्लँजवर लोंबकळूं न देतां त्यास वेगळा आधार द्यावा. सांधा वारंवार फुटण्याचें कारण बहुधा हेंच असतें. समुद्रावरील कित्येक नौकांत धुरांत खारें पाणी सोडून तो निववितात; तेथें वांकडी नळीच आंतून कुजते व पाणी सिलिंडरांत शिरण्याचें भय असतें. आपल्याकडे तेवढें संकट नाहीं, तरी उभ्या नळीच्या तोंडावर पावसासाठीं झांकण हवेंच.

थंड करणाऱ्या पाण्यांत बुडबुडे येत असतील, किंवा तेल दुधाळ झालें असेल, तर दोष हेडच्या पॅकिंगचा समजावा. तें मूळच्याच जाडीचें घालावें. जाडी बदलली कीं दाब बदलतो. नट पुस्तिकेंतील मापानें आवळून एंजिन थोडा वेळ चालवावें. मग तें निवल्यावर पुस्तिकेप्रमाणें नट पुन्हां पाहावे व टॅपेटचें अंतर नव्यानें लावावें.