कोपऱ्याच्या घडीचा हिशेब

विल्यम बॅरो हे अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे, जुन्या कागदपत्रांची डागडुजी करणारे गृहस्थ. १९०० ते १९४९ दरम्यान छापलेल्या ५०० पुस्तकांचा कागद तपासून १९५९ साली त्यांनी सांगितलं की, त्या काळातली बहुतेक पुस्तकं पुढच्या शतकात वापरण्याजोगी राहणार नाहीत. वाळवी, कसर, बुरशी हे ग्रंथपालांचे ओळखीचे शत्रू. हा रोग मात्र कागदाच्या अंगातच होता. एकोणिसाव्या शतकात चिंध्यांच्या जागी लाकडाचा लगदा आला आणि शाई फुटू नये म्हणून कागदाला तुरटी-राळेची खळ दिली जाई. तुरटीतून आम्ल तयार होतं, ते कागदाचे तंतू तोडतं, आणि पान पिवळं पडून मोडू लागतं.

मग मोठ्या ग्रंथालयांनी आपापला साठा तपासायला घेतला. त्यातली येल विद्यापीठाची पाहणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिचा अहवाल १९८५ साली आला. चिठ्ठी टाकावी तशी निवडलेली सुमारे ३६,५०० पुस्तकं एकेक करून हातात घेतली गेली. बांधणी पाहिली, कागदातलं आम्ल तपासलं आणि पानाच्या कोपऱ्याला मागे-पुढे घड्या घातल्या. दोनदा मागे-पुढे होताच कोपरा तुटला, की कागद ठिसूळ ठरला. ८० टक्क्यांहून अधिक पुस्तकांत आम्ल निघालं, सुमारे ३७ टक्के ठिसूळ ठरली.

अशा आकड्यांमुळे सरकारी पैसा उभा राहिला आणि आम्लमुक्त कागदाचा आग्रह वाढला. पण त्याच धास्तीपोटी मायक्रोफिल्मसाठी कित्येक ग्रंथांच्या आणि वृत्तपत्रांच्या बांधण्या कापल्या गेल्या, मूळ प्रती टाकून दिल्या गेल्या. अमेरिकी लेखक निकोल्सन बेकर यांनी २००१ च्या ‘डबल फोल्ड’ या पुस्तकात यावर कडाडून टीका केली. घडीच्या परीक्षेत नापास झालेलं पान त्यांनी शेकडो वेळा उलटून पाहिलं, ते शाबूत राहिलं. वाचक पान उलटतो, त्याच्या घड्या घालत नाही. बेकर यांचं हे म्हणणं मला पटतं. पाहणीने कोणत्या कपाटाकडे आधी धावायचं ते सांगावं. पुस्तकाला मृत्युदंड देणं हे तिचं काम नाही.

आपल्याकडे शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १८०० ते १९५० पर्यंतच्या पुस्तकांची नोंद केली. कोणतं पुस्तक निघालं ते ती सांगते. आज कपाटात असलेल्या प्रतीची प्रकृती आपणच पाहायला हवी. उष्ण, दमट हवेत आम्लाचं काम आणखी वेगाने चालतं. ही प्रकृती पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. वार्षिक पडताळणीत दर फळीवरची काही पुस्तकं उघडा. शिवण, पुठ्ठा, पानांचा रंग, कसर, बुरशी आणि इतरत्र प्रत आहे का, एवढं दाखल नोंदवहीत लिहा. फाटल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. आणि १९५० पूर्वीचं एकही मराठी पुस्तक, ही नोंद झाल्याशिवाय, रद्दीत जाऊ देऊ नका.