मेळघाटातील हस्तकला आणि प्रवासी : एक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक
ग्रामोद्योगांच्या विचारात वर्धा जिल्ह्याचे स्थान महत्त्वाचे आहे. १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीतून त्याचे कार्य चालविले. ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते तेथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. स्थानिक साधनसामग्रीवर स्थानिक माणसाचे कौशल्य चालावे व त्याचे मोल त्याच्याच हाती राहावे, हे या विचाराचे सूत्र होय. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात प्रवास करताना हे सूत्र आजही पडताळून पाहता येते. प्रस्तुत लेखात तेथील हस्तकला व प्रवासी यांच्या संबंधाचा विचार केला आहे.

प्रदेशाची ओळख
मेळघाट हा सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतील प्रदेश असून त्यात प्रामुख्याने चिखलदरा व धारणी हे तालुके येतात. १९७४ मध्ये येथे व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. परतवाड्याहून घाट चढणारा बहुसंख्य प्रवासी चिखलदऱ्याची थंड हवा आणि १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धामुळे प्रसिद्ध असलेला गाविलगड पाहून परत फिरतो. त्यापलीकडील कोरकूंची गावे सहसा त्याच्या वाटेत येत नाहीत. कोरकू भाषा मुंडा कुळातील असून मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. भाषेप्रमाणेच येथील कारागिरीलाही स्वतःचा चेहरा आहे.

कारागिरीचे स्वरूप
टोपल्या, सुपे, चटया, धान्याच्या कणग्या आणि मासे धरण्याचे सापळे या वस्तू बांबूपासून तयार होतात. त्या प्रथम घरच्या वापरासाठी असतात, विक्रीसाठी नंतर. ओला बांबू सरळ चिरतो व वाकतो. वाळला की तडकतो. कोवळा बांबू लवकर किडतो आणि तो तोडल्यास बेटाची वाढही खुंटते. म्हणून पक्व बांबू निवडून पावसाळ्यानंतर तोडण्याची रीत आहे. कारागिराचे निम्मे ज्ञान अशा प्रकारे विणण्याआधीच, जंगलात वापरले जाते.

दुसरी परंपरा मृतांच्या स्मरणार्थ उभारल्या जाणाऱ्या लाकडी स्तंभांची. ‘मुंडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्तंभांवर सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरलेले असतात. हे स्तंभ पूर्वजांशी असलेल्या नात्याची खूण आहेत, बाजारातील शोभेची वस्तू नव्हेत. हा भेद प्रवाशाने पाळणे आवश्यक आहे.

कच्च्या मालाचा प्रश्न
बांबू हाती येत नसेल तर कौशल्य असूनही कारागीर निरुपाय होतो. वनहक्क कायदा, २००६ ने बांबूचा समावेश गौण वनोपजात करून त्यावरील वननिवासींचा मालकीहक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळवून या तरतुदीचा अर्थ प्रत्यक्षात दाखवून दिला. मेळघाटात मात्र अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात वनोपज काढण्यावर कडक मर्यादा आहेत. वाघाचे रक्षण आणि कारागिराची उपजीविका या दोन्ही न्याय्य गरजा येथे समोरासमोर येतात.

अशा परिस्थितीत लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी कारागिरांना बांबूकामाचे प्रशिक्षण देऊन नव्या वस्तूंची जोड दिली. नव्या वस्तूला दूरचा ग्राहक मिळतो, पण ती बदलत्या आवडीवर अवलंबून राहते. सुपाला व कणगीला गावातच गिऱ्हाईक असते. दोन्ही टिकणे हिताचे आहे.

समारोप
प्रवाशाने खरेदी केली म्हणजे हस्तकला टिकली, असे समजणे अपुरे आहे. वस्तू थेट कारागिराकडून घ्यावी, घासाघीस करू नये, ती कशासाठी वापरतात हे विचारावे आणि बांबू कोठून व कोणत्या हक्काने येतो हेही जाणून घ्यावे. मगनवाडीच्या विचाराची कसोटी येथेच लागते. कारागिराचा जंगलाशी असलेला संबंध तुटला, तर हस्तकला केवळ संग्रहालयात उरेल.