नॅट-सेबरची जोड

सप्टेंबर 2025 मध्ये एका शुक्रवारी चंदीगडला मिग-21 लढाऊ विमानाला निरोप दिला गेला आणि इकडे कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाद पेटला. दोघे सीएनसी ऑपरेटर, घरी कॉम्प्युटरवर हवाई लढायांचं सिम्युलेशन खेळणारे. 1971 चं भारत-पाक युद्ध मांडायचं ठरलं. एकाला आपल्या ओझरला बनलेलं मिग हवं. दुसरा डबा झाकत म्हणाला, "मग म्या सेबर घिऊन मार खायाला येऊ व्हय?"

कोल्हापूरच्या कुस्तीत याला जोड लावणं म्हणतात. जोड चुकली की मैदान फसतं.

'वॉर थंडर' या खेळात खेळाडूंच्या कामगिरीवरून विमानाचं 'बॅटल रेटिंग' ठरतं. सामने चुरशीचे होतात, पण कधीच समोरासमोर न आलेली विमानं एकमेकांना भिडतात. मला ती रीत पटत नाही. विमान होतं तसं ठेवावं. संख्या, शस्त्रं, उंची मोजून द्यावी. 1965 मध्ये पाकिस्तानच्या काही सेबरवरच साइडवाइंडर क्षेपणास्त्रं होती. ती सगळ्या सेबरना वाटली तर भारताच्या छोट्या नॅट विमानवाल्यानं उडायचंच कशाला?

माझा जीव नॅटवर. नावाप्रमाणे चिलटच, वजन सेबरच्या निम्म्याच्या आसपास, मागून दिसायला अवघड. सेबरला सहा मशीनगन, नॅटला 30 मिमीच्या दोनच तोफा. 22 नोव्हेंबर 1971 ला बंगालमधल्या बोयऱ्यावर दमदमहून आलेल्या चार नॅटनी सेबरना गाठलं, तेव्हा ती खाली जमिनीवर हल्ले करण्यात गुंतली होती. पाडलेल्या सेबरच्या, पकडल्या गेलेल्या दोन वैमानिकांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. तीनच आठवड्यांनी, 14 डिसेंबरला, श्रीनगरवर हल्ला सुरू असताना आपले वैमानिक निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊन उडाले आणि सहा सेबरशी झुंजताना पडले. विमानं तीच, पण बोयऱ्याला उंची आणि अचानकपणा आपल्याकडे होता, श्रीनगरला समोरच्याकडे. सिम्युलेशन मांडणाऱ्यानं हात घालायचा तो इथं. इंजिनाची ताकद गुपचूप वाढवणं म्हणजे पैलवानाच्या लंगोटात शिसं शिवणं.

आता खरी अडचण. नॅटच्या तोफा ऐन वेळी अडकायच्या. हा दोष खेळात ठेवायचा का?

सेबरवाला लगेच 'ठेवायचा' म्हणाला. मिगचा हट्ट सोडून नॅटवर आलेला गडी हातातला जॉब फिरवत थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ठेव. पन कवा अडकंल, त्ये तुला बी कळाय नको."