मिनिटभरात टोक गाठणारी डोकेदुखी

मेंदूच्या रक्तवाहिन्या अचानक आकसतात आणि काही आठवड्यांनी आपोआप पूर्ववत होतात. या विकाराचे आर.सी.व्ही.एस. हे नाव २००७ पासून रूढ झाले. अशा रुग्णांचे वर्णन मात्र कॉल, फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्येच केले होते.

त्याची मुख्य खूण म्हणजे डोकेदुखी चढण्याचा वेग. अर्धशिशी हळूहळू चढते. हे दुखणे मिनिटाच्या आत टोक गाठते. खोकताना, शौचाला जोर करताना, संभोगाच्या वेळी, कधी नुसत्या आंघोळीनेही ते उसळते आणि एक-दोन आठवडे पुन्हापुन्हा येते. दुखणे किती आहे यापेक्षा ते किती वेळात वाढले, हे आधी विचारावे लागते. मग रक्तवाहिन्या आकसवू शकणारी औषधे आणि पदार्थ विचारायचे: सर्दीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे, गांजा. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडेही जोखमीचे असतात. रक्तस्राव थांबवण्यासाठी दिलेले मेथिलअर्गोमेट्रिनही रक्तवाहिन्या आकसवते.

तरीही आधी शंका घ्यायची ती रक्तवाहिनीवरचा फुगा फुटून मेंदूभोवती झालेल्या रक्तस्रावाची. सीटी स्कॅन पहिल्या सहा तासांत सर्वात भरवशाचा असतो. खेड्यातला रुग्ण कपाळाला फडके आवळून, बाम चोळून रात्र काढतो, आणि तो अवधी तिथेच सरतो. उशिरा आलेल्याचा स्कॅन निर्दोष दिसला, तर पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावे लागते. बाळंतिणीत मेंदूच्या शिरेतली गुठळीही वगळायची असते.

यानंतरची अँजिओग्राफी पहिल्या आठवड्यात फसवू शकते; चित्र साफ दिसते. पुढे तीच वाहिनी मण्यांच्या माळेसारखी, कुठे बारीक तर कुठे फुगीर दिसते. नंदुरबार जिल्ह्यात आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजारातही मेंदूच्या वाहिन्या अरुंद होतात, पण ते आकुंचन सहसा मागे फिरत नाही.

कारण ठरलेले औषध बंद करणे, विश्रांती, रक्तदाबावर लक्ष आणि बहुधा निमोडिपिन, एवढाच उपचार. निमोडिपिनने दुखणे कमी होते. आकुंचन त्याने लवकर सुटते असे सिद्ध झालेले नाही. स्टिरॉइड टाळावे, त्याने प्रकृती बिघडू शकते. अर्धशिशी समजून दिलेले ट्रिप्टान किंवा अर्गोट तर आकुंचन वाढवणारेच. बहुतेक रुग्ण बरे होतात, काहींना मात्र पक्षाघात होतो. निदानावर शिक्कामोर्तब तीन महिन्यांच्या आत वाहिन्या पूर्ववत दिसल्यावरच होते.